भिंतीत हात घालायची जागा

काचेची लोकर अंगाला लागली तर गार पाण्यानं धुवायची, गरम पाण्यानं कधीच नाही. गरम पाण्यानं कातडीची छिद्रं उघडतात आणि काचेचे बारीक तंतू आणखी आत जातात, असं माझे अप्पा सांगतात. अंग पुसताना टॉवेल घासायचा नाही, नुसता टिपायचा. त्या दिवशीचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी हे शेवटचं विसरले आणि फिजिक्सच्या लॅबमध्ये दोन तास मान खाजवत उभी राहिले. मॅडमनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घरी कुणाला खरूज आहे का?" मी म्हणाले, "नाही मॅडम, घरी भिंती आहेत." त्यांना काही कळलं नाही. मी असं का म्हणाले ते मलाही कळलं नाही.

काम संपवलेल्या माणसांनी अनुभव लिहावेत हे बरोबर आहे. मी तर काम अजून नीट धरलेलंही नाही. तंजावूरच्या एका कॉलेजात मी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि सुट्टीत अप्पांबरोबर कामावर जाते. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच. हजेरीपटावर माझं नाव मीनाक्षी बाई असं आहे. तमिळ नावांत न बसणारं ते 'बाई' ऐकून पहिल्या दिवशी वर्ग हसला होता. आम्ही कित्येक पिढ्या इथलेच मराठी; घरी जी मराठी बोलतो तिच्यात अर्धं तमिळ आहे. ही लिहायची मराठी मी आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांकडे दर रविवारी शिकले. "लिही, चुका मी काढतो," असं तेच म्हणाले. त्यांनी काढल्या आहेत. उरलेल्या माझ्या.

आमचं काम असं. हल्ली कावेरीकाठच्या गावांत कार ठेवायला विटांचं बांधकाम कुणी करत नाही. लोखंडी खांब जमिनीत रोवतात, खांबांना आडव्या पट्ट्या मारतात, बाहेरून पत्रा ठोकतात, की झालं गॅरेज. अमेरिकेत अशा शेडला 'पोल बार्न' म्हणतात, हे मला मोबाइलवरून कळलं. पुढं कुणाला त्या शेडमध्ये दुकान थाटायचं असतं, कुणाला झोपायचं असतं. वैशाखात पत्र्याच्या आत पापडसुद्धा भाजेल. मग लोक अप्पांना बोलावतात. अप्पा पत्र्याच्या आतून दुसरी भिंत उभी करतात: पत्र्याची बारीक चौकट, तिच्यात उष्णता अडवणारी काचेची लोकर, तिच्यावर जिप्समचा बोर्ड, सांध्यांना टेप, पुट्टी, रंग. बाहेरून शेड पत्र्याचंच राहतं, आतून घर होतं. काम चांगलं झालं असेल तर त्यातलं काहीच दिसत नाही. अप्पा म्हणतात, स्वैपाक करणाऱ्याला निदान जेवणारा ढेकर देतो, आमच्या भिंतीला कोण देतो?

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. तांदळाच्या गिरणीचे एक मालक कारसाठी एसी लावून घेणारे निघाले. स्वतः ते दारात पंख्याखाली बसायचे. "कार नवी आहे, मी जुना आहे," असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या एकांना कुणी सांगितलं होतं की ईशान्येच्या भिंतीत लोखंड टोचू नये. अप्पांनी "बरं" म्हटलं, स्क्रू मारले, वर पुट्टी फिरवली आणि रंग दिला. मालकांनी भिंतीवरून हात फिरवून विचारलं, "स्क्रू नाही ना?" अप्पा म्हणाले, "दिसतोय का?" ते खूश झाले. मी त्या दिवशी बसमध्ये पोट धरून हसले.

हे मी का सांगते आहे ते मला माहीत आहे. पुढचं सांगणं लांबवते आहे.

ओरत्तनाडूच्या रस्त्यावर, कालव्याच्या काठी एका गावात सामिअण्णा राहतात. बत्तीस वर्षं बस चालवून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर टॅक्सीसाठी एक कार घेतली आणि घराशेजारी खांब रोवून पत्र्याचं गॅरेज बांधलं. दोन वर्षांत मूत्रपिंडं गेली, कार विकली, गॅरेज रिकामं राहिलं. डॉक्टरांनी त्यांच्या पोटात एक मऊ नळी कायमची बसवली. दिवसातून चार वेळा पिशवीतलं औषधाचं पाणी त्या नळीनं पोटात सोडायचं आणि काही तासांनी आधीचं काढायचं. रक्तातली घाण त्या पाण्याबरोबर निघते. हे घरीच करता येतं, पण खोली स्वच्छ लागते. धूळ नको, वारा नको, ओल नको. नळीवाटे जंतू आत गेले तर जिवाशी खेळ. त्यांचं घर कौलारू, मागं गाय, वरून पाली. म्हणून त्यांच्या बायकोनं, कमलाअक्कांनी, ठरवलं की गॅरेजचीच खोली करायची.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा सामिअण्णा गॅरेजच्या मधोमध खुर्ची टाकून बसले होते.

"या राव मेस्त्री," ते अप्पांना म्हणाले, "जागा बघा. इथं कार ठेवणार होतो. आता मीच कार. दिवसातून चार वेळा रेडिएटरचं पाणी बदलायचं." मग माझ्याकडे पाहिलं. "ही कोण? कंडक्टर?"

"मुलगी. कॉलेजात आहे. फिजिक्स."

"मग कंडक्टरच. उष्णता कंडक्ट होते का नाही ते सांगायला."

ते एकटेच हसले. अक्का आतून ओरडल्या, "हसू नका, टाके दुखतील!" तेव्हापासून मी तिथं कंडक्टर झाले.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. ती खोली सगळ्यांत चांगली व्हावी असं मला मनापासून वाटत होतं. मी रोज मोबाइलवर अमेरिकेतल्या माणसांचे व्हिडिओ पाहत होते. अगदी असंच शेड, असेच खांब, अशीच लोकर. एक दाढीवाला माणूस फार नीट समजावून सांगायचा. तो म्हणाला, लोकर बसवून झाली की तिच्यावर, म्हणजे खोलीच्या बाजूनं, अखंड प्लॅस्टिक ताणायचं, सांधे टेपनं बंद करायचे, मग बोर्ड मारायचा. म्हणजे ओल भिंतीत शिरत नाही. मी वहीत आकृती काढली. तो व्हिडिओ मी तीनदा पाहिला.

अप्पांची रीत उलटी. ते प्लॅस्टिक किंवा चकचकीत फॉइल पत्र्याच्या बाजूला लावतात आणि खोलीच्या बाजूला काहीच नाही, नुसता बोर्ड.

त्या दिवशी लोकर अजून गुंडाळीतच होती. अप्पा दोन्ही हातांत प्लॅस्टिक धरून शिडीवर उभे होते. खाली दोन माणसं टोक धरून होती. अप्पांनी मला विचारलं. आमच्यात आम्ही घरचीच मराठी बोलतो.

"मीना, हे इकडे की तिकडे?"

"इकडे अप्पा. खोलीकडे. लोकर बसल्यावर."

"मला वाटतं पत्र्याकडे गे. कां म्हणजे, गार पाण्याचा सोंबु बघ. घाम कुठून येतो? बाहेरून."

सोंबु म्हणजे तांब्या. मी म्हणाले, "अप्पा, सोंबु आणि भिंत एक नव्हे."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिते आहे. तेव्हा मी चिडले नव्हते, उद्धटपणाही नव्हता. मला खरंच तसं वाटलं होतं. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा उजळला. अभिमान होता तो, मला ओळखता येतो. खालच्या माणसांना ते तमिळमध्ये म्हणाले, "कॉलेज सांगतंय. आत लावा."

तीस वर्षं ज्या हातांनी एका रीतीनं काम केलं, ते हात माझ्या एका वाक्यावर फिरले. माझ्या आजोबांनी सांगितलं असतं तरी ते फिरले नसते. शिकलेलं माणूस आमच्या घरात पहिलंच, म्हणून त्याचं खोटं ठरण्याची सवयच कुणाला नव्हती.

एक गोष्ट मात्र अप्पांनी मला विचारून केली नाही. प्रत्येक कामात ते जमिनीपासून वीतभर वर, कोपऱ्याजवळ, बोर्डात एक चौकोन कापतात. पंजा आत जाईल एवढा. त्यावर त्याच बोर्डाचं झाकण, चार स्क्रू, आणि फटीत सायकलच्या ट्यूबची पट्टी. काही महिन्यांनी ते पुन्हा जातात, झाकण काढतात, आत हात घालतात आणि परत बंद करतात. ते त्याला 'हात घालायची जागा' म्हणतात. मी म्हणाले, "अप्पा, इथं नोको, धूळ येईल, पेशंटची खोली आहे." ते म्हणाले, "असू दे," प्लॅस्टिकसकट चौकोन कापला आणि ट्यूबची पट्टी दुहेरी लावली.

खोली सुरेख झाली. पांढरी, गुळगुळीत, गार. दुपारी बाहेर चटके बसत असताना सामिअण्णा आत चादर पांघरून बसायचे. "कंडक्टर," ते म्हणाले, "बत्तीस वर्षं इंजिनाशेजारी बसलो. हे सुख मेल्यावरच मिळेल असं वाटलं होतं." अक्कांनी आम्हाला मोर दिला, कढीपत्ता घातलेलं पातळ ताक. मला दोनदा दिला. एसी रात्रंदिवस चालू असे.

जूनमध्ये कालव्याला पाणी सुटलं. भोवतालची शेतं भरली. ज्यांनी आमचा भाग पाहिला नाही त्यांना सांगते, तेव्हा आमच्याकडे हवाच ओली होते. वाळत घातलेली चादर संध्याकाळी काढली तरी हाताला दमट लागते.

आडी महिन्याच्या शेवटी, म्हणजे ऑगस्टच्या मध्यावर, सामिअण्णांना ताप आला. पोट दुखू लागलं. सकाळी पोटातून काढलेलं पाणी अक्कांनी उजेडात धरलं. ते रोज स्वच्छ, फिकट पिवळं असायचं. त्या दिवशी तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं गढूळ होतं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी शिकवलेलं होतं की असं दिसलं तर थांबायचं नाही. अक्का थांबल्या नाहीत. ऑटो करून तंजावूरला आणलं, भरती केलं.

दोन दिवसांनी अक्का कपडे न्यायला घरी गेल्या आणि खोली पुसायला लागल्या. पलंग सरकवला तर भिंतीच्या तळाला तपकिरी रेघ. बोट लावलं तर बोर्ड मऊ, दुधात बुडवलेल्या बिस्किटासारखा. त्यांनी अप्पांना फोन केला. मी घरी होते. मीही गेले.

अप्पा कोपऱ्यात उकिडवे बसले. झाकणाचे चार स्क्रू काढले. आत हात घातला आणि तसेच थांबले. मी मोबाइलचा टॉर्च धरला होता. हात बाहेर आला तेव्हा मनगटापर्यंत ओला होता आणि बोटं काळी होती.

एक वास आला. बंद डब्यात विसरलेल्या इडलीच्या पिठाचा येतो तसा.

मग अप्पांनी कटर घेतला आणि पूर्ण बोर्ड कापून खाली ओढला. त्याच्या मागच्या बाजूला, तळापासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत, काळी मखमल पसरली होती. बुरशी. तिच्यामागं मी मोठ्या काळजीनं टेप लावलेलं प्लॅस्टिक. आणि प्लॅस्टिकच्या पलीकडच्या अंगाला थेंब. इतके थेंब की पलीकडचं काही दिसत नव्हतं. अप्पांनी बोटानं नुसतं टिचकावलं, तर सगळे एकदम खाली धावले आणि तळाच्या चॅनेलमध्ये, म्हणजे चौकटीच्या खालच्या पन्हळीत, पाणी सांडल्याचा आवाज आला. लोकर ओल्या पेंढ्यासारखी बसकण मारून खाली बसली होती.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. दवबिंदू. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत मी दवबिंदूची व्याख्या लिहिली होती. दमट हवा गार पृष्ठभागाला लागली की तिच्यातलं पाणी सुटतं. मला दहापैकी नऊ मिळाले होते. बाहेरची ओली हवा पत्र्याच्या फटींतून लोकरीत शिरत होती, एसीनं गार झालेल्या प्लॅस्टिकला लागत होती आणि तिथं पाणी होत होती; ते पाणी तळाला साचून बोर्डात चढत होतं. तीन महिने. भिंत म्हणजे गार पाण्याचा सोंबुच होती.

तो व्हिडिओ मी नंतर पुन्हा पाहिला. दाढीवाल्या माणसानं लोकरीची टोपी घातली होती. खिडकीबाहेर बर्फ होता. बोलताना त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. त्याच्याकडे आत ऊब आणि बाहेर थंडी, म्हणून त्याचं बरोबर होतं. तीनदा पाहूनही ती वाफ मला दिसली नव्हती.

अक्का दारात उभ्या होत्या. "राव, हे काय?"

अप्पा उठले. "चूक झाली अक्का. प्लॅस्टिक चुकीच्या बाजूला लावलं मी."

मी. असं म्हणाले ते.

"किती वर्षं काम करताय?"

"तीस."

"तीस वर्षं," अक्का म्हणाल्या. अप्पांनी मान खाली घातली. मी टॉर्च धरून उभी होते. तो खाली ठेवून एक वाक्य बोलायला किती वेळ लागला असता? मी बोलले नाही. आजवर मी पुष्कळ चुका केल्या आहेत, पण ती गप्प उभी राहिलेली मी मला अजून ओळखीची वाटत नाही.

बसमध्ये मी म्हणाले, "अप्पा, मी अक्कांना सांगते."

"उगे बैस. ज्याचा हात लागला तो मेस्त्री."

मी वाट पाहत होते की ते आता म्हणतील, सोंबुचं मी सांगितलं होतं ना? त्या दिवशी म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत. आईसमोर नाहीत, माणसांसमोर नाहीत. मी जेवताना वाट पाहायची. त्यांनी ते म्हटलं असतं तर मला निदान रडता आलं असतं.

चौथ्या दिवशी कॉलेज बुडवून मी हॉस्पिटलात गेले. सामिअण्णांचा ताप उतरत होता. गालाची हाडं वर आली होती. मला पाहून म्हणाले, "या कंडक्टर. गाडी डेपोत आहे." मी खुर्चीवर बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं: अप्पा काय म्हणाले होते, मी काय म्हणाले, व्हिडिओ, बर्फ, सगळं.

त्यांनी उशी पाठीशी सरकवली. मग म्हणाले, "माझ्या नोकरीत एकदा झालं. स्टँडवर कंडक्टरनं मागं या म्हणून शिट्टी मारली. मी गाडी मागं घेतली. मागं एक बाई होती. पाय गेला तिचा. दोष कुणाचा?"

"कंडक्टरचा," मी म्हणाले.

"ड्रायव्हरचा. आरसा ड्रायव्हरपाशी असतो. माझी चौकशी झाली, माझी बढती थांबली. तुझा अप्पा बरोबर बोलला." मग ते म्हणाले, "पण त्या कंडक्टरला पुढं शिट्टी मारता येईना. ओठावर ठेवायचा आणि नुसता बघत बसायचा. शेवटी ऑफिसात बदली मागून घेतली. त्याचं काय करायचं ते मला कुणी विचारलं नाही."

अक्का फ्लास्क घेऊन मागं उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं त्या ओरडतील. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचं झालं ना एकमेकांना शिकवून? पोटात नळी यांच्या आहे. रात्रभर जागी मी आहे." आणि फ्लास्क टेबलावर ठेवून बाहेर गेल्या.

डॉक्टर आले तेव्हा मी धीर करून विचारलं, हे भिंतीतल्या बुरशीमुळं झालं का? ते घाईत होते, पण थांबले. म्हणाले, नमुन्यात बुरशी सापडली नाही. असे जंतू हातावाटे येतात, मास्क नीट नसला तर येतात, जोडणी करताना येतात. "ओल्या खोलीनं मदत केली नसेल असं मी म्हणणार नाही. केली असं सांगताही येणार नाही." मला हो किंवा नाही हवं होतं. ते मला अजून मिळालेलं नाही, आणि आता मिळणार नाही हे मला कळलं आहे.

सामिअण्णा तीन आठवड्यांनी हॉस्पिटलातून सुटले. नळी काढावी लागली नाही. तेवढ्या काळात अप्पांनी ती खोली पुन्हा उभी केली. सगळे बोर्ड काढले, लोकर गोण्यांत भरून गावाबाहेर नेली, पत्रा पुसून आठ दिवस उघडा ठेवला. ज्या दिवशी फॉइल लावायची होती त्या दिवशी अप्पा शिडीवर चढले. दोन्ही हातांत फॉइल धरली आणि माझ्याकडे पाहिलं.

"मीना, इकडे की तिकडे?"

मला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. वाटलं, आता, सगळ्यांसमोर, ते मला टोमणा मारत आहेत. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा नव्हता. पहिल्या वेळी जसं विचारलं होतं तसंच विचारत होते. त्यांना खरंच माझं उत्तर हवं होतं. बुरशी पाहून, ते थेंब पाहूनही मला इतका धक्का बसला नव्हता.

"तिकडे," मी म्हणाले. "पत्र्याकडे."

"कां?"

पहिल्या वेळी त्यांनी हे विचारलं नव्हतं. दवबिंदूला आमच्या घरच्या मराठीत शब्द नाही. मी सांगायला लागले आणि अडखळले, परत सुरुवात केली. गार बाजू कुठली, ओली हवा कुठून येते, तिला वाटेत कुठं अडवायचं. शेवटी म्हणाले, "सोंबुसारखं अप्पा. अडवायचं ते बाहेरून."

ते हसले नाहीत. "बरं," म्हणाले आणि माणसांना हाक मारली, "धरा वर."

त्या कोपऱ्यातला चौकोन कापायला कटर त्यांनी माझ्या हातात दिला. मी वीत मोजली, कापला. कड थोडी वाकडी आली. त्यांनी ती तशीच ठेवली.

दीड महिन्यानं, पावसाची झड लागलेली असताना, अप्पा म्हणाले, "तूं जाऊन ये." मी एकटी बसनं गेले. अक्कांनी दार उघडलं आणि बाजूला झाल्या. हॉस्पिटलपासून त्या माझ्याशी बोललेल्या नव्हत्या. सामिअण्णांच्या पिशवीची वेळ होती, म्हणून मी बाहेर पायरीवर थांबले. आतून त्यांचा आवाज आला, "कमला, कंडक्टरला आत घे, फुकट नाही आली, तिकीट काढून आली आहे." काम संपल्यावर अक्कांनी मला बोटानं खूण केली. मी हात धुतले, त्यांनी दिलेला मास्क लावला.

कोपऱ्यात बसून चार स्क्रू काढले. झाकण उघडलं. हात आत घालायला मला वेळ लागला. मग घातला. तळाचा चॅनेल चाचपला, एका टोकापासून हात पोचेल तिथपर्यंत. बोटं बाहेर काढली. पांढरी धूळ होती.

"काय?" अक्कांनी विचारलं.

"कोरडं आहे."

त्यांनी मला हातानं बाजूला सारलं. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवल्या, जमिनीवर बसल्या आणि स्वतःचा हात आत घातला. खूप वेळ. सामिअण्णा पलंगावरून बघत होते. अक्कांनी हात बाहेर काढला, बोटं एकमेकांवर घासली, वास घेतला. मग पदराला पुसली.

मी झाकण लावलं, स्क्रू आवळले, पिशवी उचलली. या वेळी मोर मिळाला नाही. मी तो मागणारही नव्हते. दाराशी आले तेव्हा अक्का मागून म्हणाल्या,

"पुढच्या महिन्यात ये. मी एकटी बघणार नाही."

तेव्हापासून मी दर महिन्याला जाते.